एलिमिनेटरमधील चोक

ज्या मुलखात रेडिओ आधी आला आणि वीज मागाहून पोहोचली, त्या मुलखातील मनुष्यास विजेच्या शुद्धाशुद्धतेची पारख प्रथम कानांनी करावी लागली. आणि निर्मल, मुधोळ, भैंसा हा पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्याचा गोदावरीकाठचा टापू अशा मुलखांत मोडतो. हैदराबादचे नभोवाणी केंद्र निजाम सरकारच्या अखत्यारीत १९३५ मध्ये सुरू झाले, औरंगाबादचे त्याच्या जोडीस आले, आणि संस्थान विलीन झाल्यावर १९५० मध्ये ही दोन्ही केंद्रे आकाशवाणीकडे सुपूर्द झाली. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट व राजुरा हे तालुके आदिलाबादेतून निघून मुंबई राज्यात दाखल झाले, नांदेडकडचा मुधोळ तालुका आदिलाबादच्या दप्तरी चढला, आणि २०१६ साली निर्मल स्वतंत्र जिल्हा झाल्यावर तो निर्मलच्या हद्दीत आला. सरहद्दी अशा सरकत राहिल्या तरी घराघरांतील रेडिओला हुकूम बॅटरीचाच पाळावा लागे: वाल्वच्या सेटला नव्वद व्होल्टचा जड कोरडा गठ्ठा, आणि पुढे ट्रान्झिस्टरला चार किंवा सहा सेल. त्यामुळे घरात विजेची तार येताच पहिली तजवीज होई ती सेलचा खर्च वाचविणाऱ्या त्या लहानशा पेटीची, जिला बाजारात ‘बॅटरी एलिमिनेटर’ म्हणतात आणि जी थोडेफार डाग देता येणारा कोणताही हौशी मुलगा घरी बनवू शकतो.

घरी बनविलेल्या अशा एलिमिनेटरवर रेडिओ लावला, की गाण्याच्या मागे एक अखंड, खर्जातली घूंघूं ऐकू येते. केंद्र बदलले तरी ती जात नाही, आणि आवाज अगदी कमी केला तरी ती तेवढीच राहते. पुष्कळांचा संशय रेडिओवर जातो. वस्तुतः रेडिओ निर्दोष असतो. त्याला जी वीज एकदिश म्हणून दिली गेली ती खरोखर एकदिश असली तरी समतल नसते. आपल्या घरातील प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो. रोहित्र त्याचा दाब २३० व्होल्टवरून, समजा, १२ व्होल्टवर उतरवते, आणि चार डायोडांचा पूल त्याचे उलटे अर्धे सुलटे करून देतो. परंतु त्यामुळे हाती येतात ते सेकंदाला १०० उंचवटे, आणि दोन उंचवट्यांच्या मधली जागा शून्याला टेकलेली असते. ती जागा भरून काढण्यासाठी पुलापाशी एक मोठा कंडेन्सर बसवितात. तो उंचवट्याच्या माथ्यावर भरतो आणि दरीत रिता होत जातो. किती रिता होतो याचा हिशेब सोपा आहे. भार १ अँपिअरचा असेल तर सेकंदाच्या शंभराव्या भागात ०.०१ कूलंब विद्युत्‌भार निघून जातो. कंडेन्सर ४७०० मायक्रोफॅरडचा असेल तर ०.०१ भागिले ०.००४७ म्हणजे सुमारे २.१ व्होल्ट इतका त्याचा दाब उतरतो. बारा व्होल्टच्या रोहित्राचा माथा १७ व्होल्टचा असतो. डायोडांनी घेतलेला सुमारे १.४ व्होल्ट वजा जाता उरलेल्या साडेपंधरापैकी दोन व्होल्ट जर दर सेकंदास शंभर वेळा वरखाली होत असतील, तर लाउडस्पीकरने त्याचा पाठ म्हणून दाखवावा यात नवल ते काय?

या वरखाली होण्याला ऊर्मी म्हणू. ती दाबून टाकण्याचा सरळसोट उपाय म्हणजे कंडेन्सर मोठा करणे, आणि आज कंडेन्सर स्वस्त असल्यामुळे बहुतेक लोक तोच करतात. पण त्याला एक किंमत असते व ती पटकन लक्षात येत नाही. कंडेन्सर जितका मोठा तितका तो कमी रिता होतो, आणि जितका कमी रिता होतो तितक्याच अरुंद अवधीत, केवळ माथ्यावरच, त्याला पुन्हा भरून घ्यावे लागते. तेव्हा सरासरी १ अँपिअर घेणारा भार असूनही डायोडांतून व रोहित्रातून त्या क्षणी कित्येक अँपिअरचे झोत जातात. रोहित्र तापते ते त्या झोतांमुळे. वाल्वच्या काळी तर ही मर्यादा कारखानदार छापूनच देत असत: ईझेड८० या प्रचलित एकदिशकारक वाल्वच्या पुढे ५० मायक्रोफॅरडपेक्षा मोठा कंडेन्सर लावू नये अशी अट होती, कारण त्याहून मोठा झोत त्या वाल्वला सोसत नसे. पन्नासाच्या आत राहून घूंघूं घालवायची तर दुसरे काही साधन हवे होते; ते साधन म्हणजे चोक.

चोक म्हणजे लोखंडी पत्र्यांच्या गाभ्याभोवती गुंडाळलेली इनॅमल तांब्याच्या तारेची गुंडाळी. पुस्तकात तिला प्रवर्तक म्हणतात. मायकेल फॅराडेने ऑगस्ट १८३१ मध्ये लोखंडी कड्यावरच्या दोन गुंडाळ्यांनी प्रवर्तनाचा शोध लावला, आणि अमेरिकेत जोसेफ हेन्रीने १८३२ मध्ये, लांब गुंडाळीतला प्रवाह तोडताना उडणारी ठिणगी पाहून, गुंडाळी स्वतःच्याच प्रवाहाच्या बदलाला विरोध करते हे प्रसिद्ध केले. १८९३ च्या शिकागो येथील विद्युत् परिषदेने या गुणाच्या एककाला ‘हेन्री’ हे नाव दिले. यातले मर्म ‘बदलाला’ या शब्दात आहे. चोक प्रवाहाला अडवीत नाही. स्थिर प्रवाह त्यातून जवळजवळ विनाजकात जातो, तारेचा अल्प रोध तेवढा सोसून. प्रवाह वाढू लागला की चोक त्याविरुद्ध दाब उत्पन्न करतो, उतरू लागला की त्याच्या पाठीशी दाब उभा करतो, आणि बदल जितका त्वरित तितका हा प्रतिकार प्रखर असतो. कुंभाराचे जड चाक एकदा गतीला लागले म्हणजे काठीच्या एकेका ढोसणीने ते दचकत नाही आणि दोन ढोसण्यांमधल्या विश्रांतीत थांबतही नाही. चोकमधल्या प्रवाहाची वृत्ती नेमकी तशीच असते.

आता हा गुण किती मोलाचा ते आकड्यांनी पाहू, कारण गुणगान पुष्कळांनी केले आहे व हिशेब थोड्यांनी. वाल्वच्या सेटमधला नमुनेदार चोक १० हेन्रीचा असे. सेकंदाला १०० वेळा डोलणाऱ्या ऊर्मीला तो सुमारे ६,२८० ओमचा अडथळा करतो, आणि त्याच्या तारेचा रोध मात्र ३०० ओमच्या आसपास असतो; सेट ५० मिलिअँपिअर घेत असेल तर चोकवर १५ व्होल्ट खर्ची पडतात. चोकऐवजी ऊर्मीला तेवढाच अडथळा करणारा साधा रोधक घातला असता तर त्यावर ३१४ व्होल्ट खर्ची पडले असते, म्हणजे सेटला द्यायला काही उरलेच नसते. खालच्या दाबावरही प्रमाण असेच राहते: १० मिलिहेन्रीचा चोक ऊर्मीला ६.३ ओम दाखवतो आणि १ अँपिअर स्थिर प्रवाहाकडून अर्धा व्होल्ट देखील घेत नाही. रोधकाने सहा व्होल्ट घेतले असते. त्या चोकच्या पुढे आणखी एक ४७०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर जोडला, की मघाची २.१ व्होल्टची ऊर्मी साडेसतरा पटींहून अधिक घटून ०.१२ व्होल्टवर येते. कंडेन्सर, चोक, पुन्हा कंडेन्सर, ही रचना ग्रीक ‘पाय’ अक्षरासारखी दिसते म्हणून तिला पाय-छानक म्हणतात, आणि जुन्या सेटच्या नकाशात ती जवळजवळ अपवादाशिवाय सापडते.

किंबहुना काटकसरीची एक युक्ती त्या काळी इतकी सर्रास होती, की जुना सेट उघडणाऱ्याने ती जाणून असावी. चांगले कायम चुंबक महाग असल्यामुळे तेव्हाच्या पुष्कळ लाउडस्पीकरांत विद्युत्‌चुंबक असे, व त्याच्या गुंडाळीला एकदिश प्रवाह लागे. तेव्हा तीच गुंडाळी पुरवठ्याचा चोक म्हणून मध्ये जोडीत, म्हणजे एकाच तांब्यात स्पीकरचे चुंबकही तयार होई आणि ऊर्मीही छानली जाई. असा स्पीकर काढून त्याच्या जागी आजचा कायम चुंबकाचा स्पीकर बसविला आणि गुंडाळीच्या जागी नुसती तार जोडली, तर सेट घूंघूं करू लागतो, शिवाय वाल्वांवर वाजवीपेक्षा अधिक दाब पडतो. दुरुस्तीला आलेल्या सेटांत हा प्रकार वरचेवर आढळतो.

पुलाला कंडेन्सर न जोडता आधी चोकच जोडावा, असाही एक पंथ आहे, आणि ज्या भाराचा प्रवाह सतत कमीअधिक होतो त्याला तोच अधिक मानवतो. कंडेन्सर माथ्याचा दाब धरून ठेवतो. चोक सरासरीचा देतो. दोन्ही बाजूंना ३०० व्होल्ट देणाऱ्या मध्यबिंदूच्या रोहित्रावर कंडेन्सर-आधी रचनेत बिनभाराचा दाब ४२४ व्होल्टपर्यंत चढतो, तर चोक-आधी रचनेत तो सुमारे २७० वर टिकून राहतो, आणि डायोडांतले ते हिसक्याचे झोत नाहीसे होतात. मात्र याला एक अट आहे: चोकमधला प्रवाह एका आवर्तनात कधीही शून्यावर येता कामा नये. त्यासाठी लागणारी किमान प्रवर्तकता, ५० आवर्तनांच्या विजेवर, भाराचा रोध ओममध्ये घेऊन त्याला ९४२ ने भागले असता हेन्रीमध्ये मिळते. २५० व्होल्टवर ५० मिलिअँपिअर म्हणजे ५,००० ओम, तेव्हा ५.३ हेन्री पुरेत. परंतु भार काढून घेतला की रोध अनंत होतो, कोणताही चोक अपुरा पडतो, आणि दाब पुन्हा माथ्याकडे धावतो. म्हणून अशा पुरवठ्याच्या तोंडाशी एक रोधक कायमचा जोडून ठेवतात, जेणेकरून थोडासा प्रवाह अहोरात्र वाहता राहील.

घरगुती रचनेत अनेकांना फसवणारी जागा वेगळीच आहे. जुन्या रद्दी टीव्हीतून किंवा संगणकाच्या पुरवठ्यातून काढलेली एखादी लहान गुंडाळी हाती लागते, ती एलिमिनेटरमध्ये घातली जाते, आणि घूंघूं कमी होण्याऐवजी वाढते. कारण असे, की चोक आणि पुढचा कंडेन्सर यांच्या जोडीला स्वतःची एक नैसर्गिक आवर्तनसंख्या असते, आणि ऊर्मी त्या संख्येच्या जवळ आली म्हणजे छानक तिला दाबण्याऐवजी वाढवितो. १० मिलिहेन्री आणि ४७०० मायक्रोफॅरड यांची संख्या २३ येते, म्हणजे १०० पासून सुरक्षित अंतरावर. पण १ मिलिहेन्री आणि २२०० मायक्रोफॅरड यांची येते १०७, म्हणजे नेमकी संकटाच्या तोंडाशी! यातून निघणारा नियम असा, की ही नैसर्गिक संख्या ऊर्मीच्या संख्येच्या तिसऱ्या भागाहून खाली ठेवावी, आणि ते जमत नसेल तर चोक मुळीच घालू नये.

मग दहा मिलिहेन्रीचा चोक कोठून आणावा? रिवाइंडिंगच्या दुकानात जुन्या रोहित्राच्या ‘ई’ आणि ‘आय’ आकाराच्या पत्र्या सहज मिळतात. रोहित्रात या पत्र्या एकीआड एक उलटसुलट विणलेल्या असतात, म्हणजे चुंबकीय मार्गात फट राहत नाही. परंतु चोकमधून सतत एकदिश प्रवाह जात असल्यामुळे असा बंद गाभा थोड्याच अँपिअरात संतृप्त होतो, आणि संतृप्त गाभ्याचा चोक म्हणजे तांब्याची नुसती तार. तेव्हा सर्व ‘ई’ एका बाजूस, सर्व ‘आय’ दुसऱ्या बाजूस लावून मध्ये कागदाची पातळ पट्टी घालावी लागते. मधल्या पायाचा छेद ४ चौरस सेंटिमीटर असलेला गाभा घेतला आणि कागद ०.२ मिलिमीटर जाडीचा असला, तर चुंबकीय रेषा त्याला जाताना एकदा व परतताना एकदा ओलांडतात, म्हणजे एकूण फट ०.४ मिलिमीटरची होते. अशा गाभ्यावर सुमारे ९० वेढ्यांत १० मिलिहेन्री मिळतात. १ अँपिअरला गाभ्यात सुमारे ०.२८ टेस्ला क्षेत्र उत्पन्न होते. सिलिकॉन पोलाद दीड टेस्लाच्या आसपास संतृप्त होते, तेव्हा भीतीचे कारण नाही. तार २२ गेजची, म्हणजे ०.७१ मिलिमीटर व्यासाची घ्यावी. नऊ-दहा मीटर लागते व तिचा रोध ०.४ ओम भरतो. वेढे घातल्यावर व्हार्निशमध्ये बुडवून सुकवून घ्यावे, नाही तर पत्र्या सैल राहून चोक स्वतःच गुणगुणू लागतो, आणि एक घूंघूं घालविता घालविता दुसरी पदरी पडते. शेवटची गोष्ट जागेची: चोक रोहित्राला खेटून बसवू नये, आणि त्याची गुंडाळी रोहित्राच्या गुंडाळीशी काटकोनात ठेवावी, कारण रोहित्रातून सांडणारे चुंबकीय क्षेत्र चोकमध्ये नेमकी तीच ऊर्मी उत्पन्न करते जी काढण्यासाठी तो आणला.

एक चोक प्रत्येकाच्या ओळखीचा आहे, तो ट्यूबलाइटचा. ४० वॉटच्या नळीचा दाब सुमारे १०३ व्होल्ट व प्रवाह ०.४३ अँपिअर असतो. २३० व्होल्टमधला उरलेला भाग काटकोनी त्रिकोणाच्या नियमाने चोकच्या वाट्याला येतो, म्हणजे सुमारे २०५ व्होल्ट. त्यावरून अडथळा ४७५ ओमच्या घरात आणि प्रवर्तकता दीड हेन्री निघते. वाल्वच्या सेटच्या पुरवठ्यात हा स्वस्त चोक पुष्कळांनी वापरला आहे व तो तेथे शोभतोही. बारा व्होल्टच्या एलिमिनेटरात मात्र त्याच्या तारेचा रोधच इतका असतो, की अर्ध्या अँपिअरला सारा दाब तोच गिळून टाकतो.

हेच साधन केवढ्या प्रमाणावर नांदू शकते ते पाहण्यास निर्मलहून फार दूर जावे लागत नाही. उत्तरेस चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथे १९९० च्या दशकात ५०० मेगावॅटचे दोन रूपांतर-संच उभारले गेले, कारण पश्चिम व दक्षिण विभागांच्या विजेची आवर्तने तेव्हा एकमेकांशी जुळलेली नव्हती. एका बाजूची प्रत्यावर्ती वीज एकदिश करून, लगेच दुसऱ्या बाजूच्या तालावर पुन्हा प्रत्यावर्ती करून, चंद्रपूर आणि रामगुंडम यांच्यामध्ये तिची देवघेव होई. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर वाहिनीने दोन्ही विभाग एका तालावर आणले. चंद्रपूरहून मुंबईनजीकच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर जाणारी ५०० किलोव्होल्टची एकदिश वाहिनी भद्रावतीच्या संचांच्याच सुमाराची. तिच्या तोंडाशी प्रवाह समतल करण्यासाठी जे प्रचंड प्रवर्तक बसविलेले असतात, त्यांचे काम एलिमिनेटरमधल्या चोकपेक्षा तत्त्वतः तसूभरही वेगळे नाही. निर्मलला आगगाडी अद्याप आलेली नाही. पण काझीपेठ–बल्लारशाह मार्गावर २५ किलोव्होल्टची प्रत्यावर्ती वीज घेऊन एकदिश मोटारी फिरविणारी जी इंजिने अनेक वर्षे धावली, त्यांच्या पोटातही असाच एक जाडजूड प्रवर्तक असे.

आता निवाडा. बारा व्होल्टचा नवा एलिमिनेटर बांधणाऱ्याने ५० आवर्तनांच्या विजेसाठी चोक घालावा काय? माझ्या मते घालू नये. ७८१२ हा तीन पायांचा नियंत्रक ऊर्मी हजार पट किंवा त्याहून अधिक घटवितो, चोकच्या किमतीच्या अंशात मिळतो, आणि शिवाय दाबही बारावर बांधून ठेवतो. त्याची मागणी एवढीच, की त्याच्या आत येणारा दाब दरीतही साडेचौदाच्या खाली जाऊ नये. बारा व्होल्टच्या रोहित्रावर, ४७०० मायक्रोफॅरड आणि १ अँपिअर घेऊन, दरी साडेतेरावर येते व नियंत्रक निरुपायाने घूंघूं आत सोडतो. म्हणून रोहित्र १५ व्होल्टचे घ्यावे, म्हणजे दरी साडेसतराच्या वर राहते, आणि नियंत्रकाला ॲल्युमिनियमचा पत्रा जोडून त्याची सहा-सात वॉट उष्णता बाहेर काढावी. संध्याकाळी शेतीपंप चालू होऊन वीज दबण्याचा संभव असेल तर दरीत थोडी सवलत आणखी ठेवणे शहाणपणाचे. याउलट जुना वाल्वचा सेट मूळ रूपात उभा करावयाचा असेल तर चोकला पर्याय शोधण्याच्या भानगडीत पडू नये. तेथे तो मूळचा मानकरी आहे.

चोकचे दुसरे राज्य मात्र आता वाढतच चालले आहे. मोबाइलचे चार्जर आणि आजकालचे हलके अडॅप्टर वीज सेकंदाला हजारो वेळा तोडून जोडतात, आणि त्या तोडजोडीचा खरखराट, मध्यम लहरींवर दूरचे केंद्र ऐकू पाहणाऱ्या श्रोत्याच्या कानी घूंघूंपेक्षाही त्रासदायक होतो. येथे नियंत्रक फारसा कामाचा नाही, कारण एवढ्या द्रुत आवर्तनांपुढे त्याची चपळाई सरते. परंतु फेराइटच्या कड्यावरची १०० मायक्रोहेन्रीची लहानशी गुंडाळी, जी शंभर आवर्तनांच्या ऊर्मीला एका ओमचा जेमतेम सोळावा हिस्सा दाखविते, तीच पन्नास हजार आवर्तनांच्या खरखराटाला ३१ ओम दाखविते. तिच्या पुढे एक चांगला कंडेन्सर ठेवला की काम होते. रद्दीतल्या ज्या लहान गुंडाळीने एलिमिनेटर बिघडविला, तिची जागा ही होती.

प्रयोग करणाऱ्यांना विनंती एवढीच, की दोन गुंडाळ्यांचे, वीज व भार यांना परस्परांपासून तोडणारे रोहित्रच वापरावे. चोकच्या वाटेत चालू प्रवाह तोडणारा खटका बसवू नये, कारण तोडलेल्या क्षणी चोक स्वतःचा शेकडो व्होल्टचा दाब उभा करतो व हेन्रीची ती ठिणगी तुमच्या बोटांत उडते. आणि वाल्वच्या सेटला हात घालण्यापूर्वी वीज बंद केल्यावरही कंडेन्सरमधला उरलेला दाब रोधकातून उतरवून, मीटरने शून्य झाल्याची खात्री करून घ्यावी.